डावीकडे झिजलेला पाट

मी एक जुना पाट आहे. मित्रांनो, आधी फायदा कुणाचा होता ते सांगतो. वासंतीबाय ऑपरेशनला गेली, तर डहाणूच्या मासळीबाजारातली तिची कोपऱ्यातली सावलीची जागा शेजारच्या शांतीला मिळणार होती. त्या जागेवरून दोघींची कुरबूर जुनीच.

माझा जन्म झाई गावचा. मोडीत निघालेल्या होडीच्या फळीतून मला कापलं. माझ्यावर बसून वासंतीबाय सुके बोंबील विकायची. "माझं सिंहासन" म्हणायची मला. तेव्हा ऐकायला बरं वाटायचं.

मग ती एका अंगावर रेलून बसू लागली. माझी डावी कड झिजत गेली. शौचावाटे रक्त जात होतं, आणि मूळव्याध समजून ती लपवत होती. सून प्रगतीनं धुण्यात डाग पाहिले आणि तिला मुंबईला नेलं. गुदाशयाचा कॅन्सर निघाला. आधी शेक, म्हणजे किरणांचे उपचार, सोबत गोळ्या, मग थोडं थांबून ऑपरेशन, असं ठरलं.

शेक चालू होता तोवर मी भिंतीशी पालथा पडून होतो. ती परतली ती पार गळून. पण रक्त थांबलं, आणि हळूहळू ती सरळ बसू लागली. ऑपरेशनची तारीख जवळ आली तशी बाजारात बसल्या बसल्या म्हणाली, "गाठ आटली माझी. आता पोट कापून शौचाची पिशवी कशाला लावून घेऊ? मी नाय जात."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना," प्रगती म्हणाली. "किरणांनी गाठीतल्या पेशींच्या आतले डीएनएचे धागे तुटतात. पण त्या लगेच मरत नाहीत. एकीच्या दोन व्हायला जातात आणि तेव्हा कोसळतात. म्हणून तर थांबायला लावलं. पण चिवट असतील त्या उरतात."

"डॉक्टरीण झालीस गो?"

शांती टोपली झटकत होती. "वासंतीबाय, बोंबील वरून खडखडीत दिसला की लगेच पोत्यात भरतेस?"

"येडी का काय तू? आत ओल राहिली तर अख्खं पोतं नासेल."

"मग?"

वासंतीबायनं शांतीकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "तुला माझी जागा हवी."

"हवीच आहे. सावली कोणाला नको? तरी जा."

शांती "जागा नको" म्हणाली असती, तर वासंतीबायला ते खोटं वाटलं असतं आणि ती गेली नसती. वासंतीबाय उठली आणि मला शांतीकडे सरकवलं. "यावर बस. पण डावीकडे रेलू नको."

ऑपरेशन झालं. काढलेला भाग तपासला, तर त्यात कॅन्सरच्या थोड्या जिवंत पेशी सापडल्याच. वासंतीबाय आता पोटाला पिशवी घेऊन मऊ गादीवर बसते आणि दुपारीच थकते. बसते मात्र कोपऱ्यातच. शांतीनं जागा सोडली. कुरकुरत सोडली, पण सोडली. माझ्यावर आता सुक्या जवळ्याची टोपली असते. मीही थकलोय.

मित्रांनो, घरात कुणी तिरकं बसू लागलं तर हसू नका, विचारा. मला कळत होतं, पण पाटाला तोंड नसतं.

आता शेवटी कुणी काय दिलं ते सांगतो. वासंतीबायनं अंगचा तुकडा दिला. शांतीनं सावली दिली. माझी गेली ती फक्त एक कड.