क्लॅरिनेटचे पाच स्वर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक लांबलचक बोळ डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बाजूंना बंद दारं, दारांमागे पियानो. हॉलिवूडच्या एका स्टुडिओचा हा संगीत विभाग. मी तिथे व्हायोला वाजवत असे. त्या शनिवारी सकाळी मात्र एकही पियानो वाजत नव्हता. आम्ही सगळे एकमेकांकडे चोरून बघत होतो.

बाकावर दहा वर्षांची ट्रूडी बसली होती. तिचे वडील एमिल लिंडॉअर आमचे अरेंजर. म्हणजे संगीतकाराची चाल कोणत्या वाद्याने कशी वाजवायची, ते कागदावर उतरवणारे. आमचा संगीतकार ड्यूई कॅलहन नुसती शीळ घालायचा. स्वरलिपी त्याला वाचताही येत नसे. पडद्यावर नाव त्याचं एकट्याचं यायचं. पद्धतच तशी होती, आणि एमिल यांची कुरकुर नव्हती.

मंगळवारी एमिल यांनी कॅलहनच्या नव्या गाण्यात क्लॅरिनेटचे पाच स्वर घातले. गाण्याची ओळ थांबते आणि क्लॅरिनेट तिला हसून उत्तर देते, असे. बुधवारी एकदाच तालीम झाली. मग कागद कपाटात आणि किल्ली एमिल यांच्या खिशात. आणि शुक्रवारी रेडिओवर भलत्याच बँडने तेच गाणं वाजवलं, त्या पाच स्वरांसकट! आमचा सिनेमा तेव्हा अर्धासुद्धा झाला नव्हता.

"चाल काय, कुणीही गुणगुणत बाहेर नेईल," विभागप्रमुख स्ट्राउड यांचा आवाज दाराबाहेर ऐकू येत होता. "पण ते पाच स्वर तुमच्या कागदावर होते, लिंडॉअर."

"तालमीनंतर मी तो कागद कुणालाही दाखवलेला नाही, साहेब."

"मग काय, कागदाला पाय फुटले? बारापर्यंत नाव सांगा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

ट्रूडीने ऐकलं. ती येणाऱ्याजाणाऱ्याला निरखू लागली. ट्यूबा हा भलामोठा पितळी भोंगा वाजवणाऱ्याची पेटी एवढी मोठी कशाला? मी पिशवी का आवळून धरली आहे?

"सँडविच आहे गं त्यात," मी म्हणालो. "उघडून दाखवू?"

"दाखवा," ती म्हणाली. मी दाखवलं. तिने पावाचा वरचा तुकडासुद्धा उचलून पाहिला.

कॅलहनवर मात्र कुणाचाच संशय नव्हता. ज्याला वाचता येत नाही, तो कागद चोरून करणार काय?

तेवढ्यात तोच आला, टोपी मागे सारून, शीळ घालत. ओळ संपली आणि त्याच दमात त्याने पुढचे पाच स्वरही वाजवले.

ट्रूडी ताडकन उठली. "कॅलहनकाका, ते शेवटचं कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? माझंच! बुधवारपासून डोक्यातून जात नाही बघ. परवा न्हाव्याकडे दाढी होईपर्यंत हेच चाललं होतं. शेजारच्या खुर्चीत एक बँडवाला होता, तोही पायाने ताल धरून बसला."

"ते बुधवारी क्लॅरिनेटने वाजवलं होतं."

"वाजवणारच! चाल माझी आहे ना, वेडाबाई?"

त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा मागमूस नव्हता. तालमीत ऐकलेलं त्याला मनापासून आपलंच वाटत होतं. कॅलहन स्टुडिओचा लाडका. त्याला चारचौघांत तोंडघशी पाडलं, तर एमिल यांचं काय होणार?

"ट्रूडी," मी हळूच म्हणालो, "बाबांना आधी एकट्यांना सांग."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला चार मिनिटं कमी होती.

तिने कॅलहनची बाही धरली, दार न वाजवताच ढकललं आणि आत जाऊन म्हणाली, "साहेब, परवा न्हाव्याकडे बँडवाल्याशेजारी बसून यांनी जी शीळ घातली, ती यांना एकदा घालायला सांगा. पूर्ण."