पिवळी सलाईन

सोनाळ्याच्या रंगरावांचा बिबा गावात नामी. कुणाला काटा मोडला की माणूस दवाखान्याआधी त्यांच्या ओट्यावर यायचा. सुईला बिबा टोचायचा, दिव्यावर धरायचा आणि तेल सुटलं की काट्याच्या जागी टेकवायचा. मग म्हणे काटा पिकत नाही. त्यामुळे घरच्या बागेत लिंबं तोडताना बायकोच्याच, वच्छलाबाईंच्या, तळहातात लिंबोणीचा काटा मोडला तेव्हा रंगरावांना दुसरं काही सुचलंच नाही, बिबाच लावला.

हात सुजला, लालबुंद झाला. लेक वैष्णवी म्हणाली, "बाबा, डॉक्टरले दाखवू."

"काऊन? बिबा उतला तिले. खोबरं लाव, उतरते."

बिबा एखाद्याला सोसत नाही, उततो, म्हणजे अंगावर उठतो, आणि खोबऱ्याने उतरतो, हे रंगरावांनी कितीदा पाहिलं होतं. वच्छलाबाईंनीही मान डोलावली. नवऱ्याच्या हातगुणावर त्यांचा गावापेक्षा जास्त विश्वास, तिथेच घात झाला. काळवंडलेल्या कातडीखाली पू कोपराकडे चढत होता आणि वरून खोबरं लागत होतं. बाई बरळायला लागल्या तेव्हा कुठे गाडी बोलावली.

बुलडाण्याला दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतूंचं विष अंगभर भिनलंय, काका. सेप्सिस म्हणतात याला. अँटिबायोटिक चालू केलंय. सोबत व्हिटॅमिन सी पण देतोय."

रंगरावांना त्यातलं तेवढंच समजलं. "म्हंजे लिंबातलं?"

"हो, तेच. पण त्यावर भिस्त ठेवू नका. यात त्याचा फायदा होतोच, असं ठाम सांगता येत नाही."

भिस्त ठेवू नका म्हणे. मग माणसाने ठेवावी तरी कशावर? बाकीच्या बाटल्या पाण्यासारख्या, ही एकच पिवळसर, आपल्या बागेतली वाटावी अशी. लिंबोणीनेच दुखवलं, आता लिंबोणीच सावरेल, असं त्यांनी मनाशी धरलं. वैष्णवीने आणलेला डबा तसाच राहिला. रंगरावांच्या अंगठ्यावर बिब्याचा काळा डाग होता, साबणाने न जाणारा. त्याच हातात बायकोचा चांगला हात धरून ते पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिले.

"वैष्णवीची माय, लिंबं तोडाची राह्यली ना वं," ते म्हणाले. बाईंनी डोळे उघडले नाहीत.

दुपारी मशीन वाजायला लागलं. त्यांना बाहेर काढलं. परत आत घेतलं तेव्हा सगळं संपलं होतं.

"यायला फार उशीर झाला, काका," डॉक्टरीणबाई हलकेच म्हणाल्या. उशीर कुणी केला, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हतं.

नर्स पिवळ्या बाटलीची कळ बंद करायला गेली. रंगराव आडवे आले.

"नका करू बंद, बाई. थोडीच राह्यली. तेवढी जाऊ द्या तिच्यात."

नर्सने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. रंगराव पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले. तिथे तो काळानिळा, सुजलेला हात होता. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला.

"बिबा नव्हता उतला वं," ते तिला म्हणाले.