फानकाकाची पैज

"माझा नेम चुकत नाही, रायफलीवरच्या दुर्बिणीची पकड हलते," म्हाताऱ्या फानने शेजाऱ्यांना ठासून सांगितलं. रानरेडे मारायची त्याची रायफल बार उडताच खांद्याला खेचरासारखी लाथ घालायची. दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपोच्या रानात पाहुण्यांना शिकारीला नेण्यापलीकडे त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि परवाच त्याच्या गोळीने रेडा नुसता जखमी झाला होता.

"पकड पोलादी आहे, काका. मीच बसवलीय," शेजारचा लोरेन्स म्हणाला. "हलली तर रविवारी चर्चपुढे बायकोचा एप्रन घालून पॅनकेक भाजीन."

"तुला गुलाबीच शोभेल. नाही हलली तर मी भाजतो."

त्याच रायफलीतून लोरेन्सने लांब उभ्या केलेल्या फळीवर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही काडेपेटीएवढ्या जागेत बसल्या. मग फानने झाडल्या. फळीला एकही लागली नाही.

"बार उडायच्या आधीच डोळे मिटताय तुम्ही," लोरेन्स हळूच म्हणाला.

फानला हे ठाऊक होतं. फक्त पकड हलावी, एवढंच त्याने देवाकडे मागितलं होतं.

रविवारी गुलाबी एप्रन घालून तो चर्चच्या अंगणात पॅनकेक उलटत होता. "काका, आता लग्न जमवू तुमचं," बायका हसल्या. तोही हसला. पलीकडे त्याचे उद्याचे शिकारीचे पाहुणे "उद्या तुम्हीच न्याल का?" असं लोरेन्सला विचारत उभे होते. फानने त्यांच्यासाठीही पॅनकेक भाजले, वर दालचिनी-साखर भुरभुरली.