हात मांडीवर

माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि मला एक मुलगी आहे. दोन्ही मी डोळ्यांत तेल घालून सांभाळलंय. पुढेमागे दुकान तिनंच चालवावं ही माझी इच्छा, आणि ती मी कधी लपवलीही नाही. त्यामुळे तिच्या शाळेतले सर दुकानात येऊन म्हणाले, "नववीच्या मुलांना आठवडाभर कामाच्या ठिकाणी पाठवतोय. धंदा म्हणजे काय, कुठल्या वाटेला जायचं, जरा कळू दे त्यांना. तुम्ही एखादं मूल घ्याल का?" तेव्हा त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच मी हो म्हणून बसले. मूल कोणतं येणार हे काय सांगायला हवं होतं!

आली कोण, तर पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याची मुलगी. आणि माझी भिंगरी गेली समोर.

समोर म्हणजे रस्त्यापलीकडच्या चष्म्यांच्या दुकानात. त्या गृहस्थांना मी सवलतवाले म्हणते. त्यांच्या दारावर 'सवलत फक्त आजच' अशी पाटी आहे, आणि ती भिंगरीच्या जन्माच्या आधीपासून आहे.

"अगं, दवाखाना होता, छापखाना होता, बँक होती," मी घरी तिला म्हटलं. "आणि चष्मेच हवे होते, तर आपल्या दुकानानं काय घोडं मारलं होतं?"

"मला चष्म्यांचंच काम शिकायचंय," ती दप्तर भरता भरता म्हणाली. "फक्त तुझ्याकडे नको."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या बाबांकडे पाहिलं, तर ते नखं कापण्यात गढून गेलेले. घरात वादळ आलं की यांची नखं हमखास वाढलेली असतात.

शिंप्याच्या मुलीनं पहिल्या दिवसापासून माझं डोकं पोखरायला घेतलं. काकू, काडी वाकवायच्या आधी तापवायची का? काकू, नाकावरच्या या गाद्या हिरव्या का पडतात? काकू, तुमच्या खिशातला तो छोटा स्क्रूड्रायव्हर मला का नाही देत? "तो कुणालाच देत नाही," मी म्हटलं, आणि मनातल्या मनात तिचं नाव चौकशी खिडकी ठेवून टाकलं. पण परक्याची पोर, त्यातून सरांना शब्द दिलेला. तिनं स्क्रू पाडला की मी म्हणायचे, "असू दे बाळ, चुंबक फिरव, सापडेल." पुन्हा पाडला की, "होतं गं असं." एक फ्रेम तिनं इतकी तापवली की काडी पार वाकडीतिकडी झाली. तेव्हाही मी दात आवळून म्हटलं, "शाब्बास! आता कळलं ना, किती तापवायची नाही ते?" एवढा धीर माझ्या अंगात आहे, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं करताना माझं निम्मं लक्ष समोर. दोन्ही दुकानांना मोठाल्या काचा, सगळं दिसायचं. भिंगरी एका लहानग्यासमोर गुडघ्यांवर बसून त्याच्या तोंडावर फ्रेम लावून बघत होती. भिंगरी कुठल्याशा आजींना आरसा धरून हसवत होती. आणि हीच पोर आपल्या दुकानात तोंड एवढंसं करून कोपऱ्यात उभी असते. राग तर आलाच होता, पण खरं सांगू? रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं.

एकदा शटर ओढताना सवलतवाले रस्त्यापलीकडून ओरडले, "तुमच्या मुलीचा हात फार हलका आहे हो!"

"माहितेय मला," मी ओरडले. मला काडीचंही माहीत नव्हतं.

शेवटच्या दिवसासाठी सरांनी एक नियम केला होता. प्रत्येक मुलानं एक गिऱ्हाईक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानं सांभाळायचं, दुकानदारानं मध्ये पडायचं नाही. चौकशी खिडकीनं सकाळीच एका आजोबांना गाठलं आणि त्यांना इतके प्रश्न विचारले, की बिचारे दमून हाताला लागेल ती फ्रेम घेऊन गेले. मग उत्साहाच्या भरात तिनं आमचं काचेचं दार पुसायला काढलं. समोर मात्र दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. भिंगरी काउंटरमागे हनुवटी टेकून बसली होती. माझा जीव खालीवर व्हायला लागला. आज पोरीला गिऱ्हाईकच मिळालं नाही तर? जरा नीट दिसावं म्हणून मी दाराकडे गेले, उघडंच आहे म्हणून तशीच पुढे गेले, आणि धाडकन आपटले. दार बंद होतं. इतकं लख्ख पुसलं होतं कार्टीनं!

नाक वाचलं, चष्मा नाही वाचला. एक काडी सुटून हातात आली आणि चष्म्याशिवाय मला माझी बोटंसुद्धा धड दिसत नाहीत.

"काकू, लागलं का? काकू, दार का नाही उघडलंत?" असं विचारत चौकशी खिडकी रस्त्यावर धावली. "थांबा, कुणाला तरी आणते!"

येणारी पावलं मी ओळखली. टाचा घासत चालू नकोस, असं मी त्या पावलांना रोज बजावते.

"बसा मॅडम," भिंगरी म्हणाली. "काय झालंय, बघू."

"मॅडम? अगं, मी तुझी..."

"आज तुम्ही माझं गिऱ्हाईक आहात. चष्मा द्या."

दिला. पण हात थोडाच ऐकतोय! "आण इकडे, काडी अशी नाही धरायची, आधी ती..."

"मॅडम, हात मांडीवर."

चौकशी खिडकी फिसकन हसली. मी हात मांडीवर ठेवले. समोर नुसता एक धूसर गोळा हलत होता. काहीतरी खुडखुडलं, मग फरशीवर टिक्‌ झालं. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. नवा स्क्रू पडला होता. माझे हात असे शिवशिवायला लागले की मी ते ओढणीत गुंडाळून घेतले.

"हिला तू कितीदा पाडू दिलास," भिंगरी म्हणाली. आता आवाज घरचा होता. "समोरून बघत होते मी. असू दे बाळ म्हणायचीस ना? ओठांवरून कळायचं. माझ्या हातात काही आलं की तुझं लगेच आण इकडे. आई, तुझ्या दुकानात मी एक स्क्रूसुद्धा शेवटपर्यंत फिरवलेला नाही."

ती खरं बोलत होती. परक्याच्या पोरीचं चुकलं तर चुकलं, माझं काय जात होतं? माझ्या पोरीचं मात्र काही म्हणता काही चुकायला नको होतं, म्हणून मी तिला काही करूच दिलं नव्हतं.

ती पुन्हा खुडखुडत होती. "याची खाच फारच बारीक आहे," ती स्वतःशीच पुटपुटली. "तिकडचा स्क्रूड्रायव्हर बसतच नाहीये."

मी खिशात हात घातला. "माझा घे."

"काकू, मग मला का नाही दिलात?" चौकशी खिडकीनं विचारलं. मग तो माझ्या हातातून गेला.

थोड्या वेळानं भिंगरीनं चष्मा माझ्या नाकावर ठेवला, कानामागे काड्या सारल्या, आणि पहिल्यांदा दिसला तो तिचाच चेहरा. नाकावर घाम, जिभेचं टोक दातांत. "कसा बसलाय?"

डावी काडी कानामागे टोचत होती. मला ते निस्तरायला चुटकीसरशी जमलं असतं. छान बसलाय म्हणून तिला खूशही करता आलं असतं.

"डावीकडे टोचतोय," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. पुढे मी काय म्हणणार हे तिला पाठ होतं, ती तेच ऐकायला थांबली होती. मी चष्मा काढला आणि तिच्या हातात दिला.

"पुन्हा कर. मला घाई नाही."

"आणि दुकान?"

"ते चौकशी खिडकी बघेल."

"काकू, मला चौकशी खिडकी का म्हणालात?"

समोरचा धूसर गोळा खुदकन हसला. मग फ्रेम तापवायचं यंत्र घरघरायला लागलं, आणि मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले.