एका दिवसाचा खंड

वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळमजल्यावर, शवागारामागच्या बोळात एक प्रयोगशाळा होती. रुग्णांच्या गाठींमधून काढलेल्या पेशी तिथे वाढवल्या जात. ते काम करणाऱ्या बाईला सगळे पेशीमावशी म्हणत. चपट्या बाटल्यांत गुलाबी द्रव आणि त्याच्या तळाला चिकटलेल्या पेशी, हाच तिचा संसार. दोन-तीन दिवसांनी जुना द्रव काढून ताजा घालावा लागे. विसरलं, तर द्रव पिवळा पडतो आणि पेशी मरतात. पेशींना रविवार कळत नाही, पाहुणे आलेले कळत नाहीत, आणि कंत्राट तर मुळीच कळत नाही.

मावशीला मात्र कंत्राट चांगलंच कळत होतं. केस पिकायला लागले तरी ती कंत्राटावरच होती. वर्ष सरलं की कंत्राट संपे, मधे एक दिवस कोरा जाई, आणि मग नवं कंत्राट सुरू होई. त्या कोऱ्या दिवसाला कचेरीत 'खंड' म्हणत. खंड पडला की माणूस पुन्हा नवा. जुना होईल आणि कायम करा म्हणून मागे लागेल, ही भीतीच नको. ही अक्कल कुणी लढवली कोण जाणे, पण ज्यानं लढवली तो स्वतः कायम होता एवढं नक्की. बाकीचे लोक खंडाच्या दिवशी घरी पाय ताणून झोपत. मावशी न चुकता कामावर येई. हजेरी नाही, पगार नाही. पण पेशींना उपाशी कसं ठेवायचं? हळूहळू तो दिवस कोरा असतो हेच तिच्या डोक्यातून गेलं.

प्रयोगशाळेतल्या काही बाटल्या एका शाळेतल्या बाईंच्या पेशींच्या होत्या. शस्त्रक्रियेआधी संमतीची सही करताना बाईंनी मावशीचा हात धरला होता. "माझं काहीतरी उपयोगी पडेल ना हो?" असं विचारलं होतं. महिन्याभरात बाई गेल्या. पेशी मात्र तग धरून होत्या, आणि मावशीचा त्यांच्यावर जरा जास्तच जीव होता.

अशातच अधिष्ठात्यांच्या मनात आलं की संशोधनातल्या लोकांनाही बढतीची शिडी हवी. डॉक्टरांना आहे, परिचारिकांना आहे, शिपायांना आहे. यांनीच का जन्मभर पहिल्या पायरीवर ताटकळत राहायचं? नियम तयार करायचं काम प्रयोगशाळेच्या सरांकडे आलं, आणि सरांनी ते रीतसर मावशीच्या गळ्यात टाकलं.

"या लोकांचं दुखणं तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?" सर म्हणाले.

मावशी हुरळली, आणि का हुरळू नये? इतक्या वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं मन लावून नियम लिहिले. आठवड्याची सुटी हक्काची. आजारपणाची रजा. सुटीवरच्या माणसाच्या जागी बदली माणूस द्यायचा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे कायमची जागा, आणि ती एकच होती. तिथे तिनं एक कडक अट घातली: सेवा सलग हवी. येतात, काम शिकून घेतात, शिफारस पदरात पाडतात आणि उडतात, अशा पोरांचा तिला मनस्वी राग होता. ज्यानं पेशींना एक दिवसही वाऱ्यावर सोडलं नाही त्यालाच ती जागा मिळावी. हे लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर ती स्वतःच होती. समितीनं माना डोलावल्या आणि नियम मंजूर झाले.

ज्या प्रकल्पातून मावशीला पगार मिळे तो पुढच्या महिन्यात गुंडाळला जाणार होता. नवं कंत्राट मिळणार नव्हतं, आणि या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार? नवरा गेल्यापासून घर तिच्यावरच होतं, लेकीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. ती जागा मिळाली तर सगळं निभणार होतं.

आस्थापना विभागातला कारकून भला माणूस होता. त्यानं आधी तिला खुर्ची दिली.

"मावशी, तुमचा अर्ज बसत नाही. सेवा सलग नाहीये."

"माझी? अहो, मी एक दिवस चुकले नाही."

"दर वर्षी खंड आहे. कागदावर तुम्ही त्या दिवशी नोकरीतच नव्हता."

"पण मी यायचे की."

"मग तसं सरांकडून लिहून आणा. त्या दिवशी या कामावर होत्या, एवढंच. मी पुढे पाठवतो."

मावशी तशीच तरातरा सरांकडे गेली. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"मावशी, लिहून देतो, पण त्याचं काय होईल ते ऐका. नोकरीत नसलेल्या बाईनं रुग्णांच्या पेशी हाताळल्या, असा त्याचा अर्थ होतो. परवानगी फक्त इथल्या कर्मचाऱ्यांना आहे. मग सगळंच काम संशयात येईल. सगळ्या पेशी फेकून द्यायला लागतील. त्या शाळेतल्या बाईंच्यासुद्धा."

सरांचं बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. दर खंडाला तिला दारातून आत येताना सरांनी पाहिलं होतं, चहा पाजला होता, आणि तेव्हा त्यांना परवानगी आठवली नव्हती. मावशीच्या मनात हे सगळं आलं, पण जिभेवर आलं नाही. तिला फक्त तिचा हात धरलेला तो हात आठवला.

"राहू द्या मग," ती म्हणाली.

जागा धाकटीला मिळाली. धाकटी म्हणजे मावशीनंच हाताखाली घेऊन शिकवलेली पोरगी. तिला सुरुवातीलाच एक लांबलचक कंत्राट मिळालं होतं, त्यामुळे तिची सेवा सलग होती. ती मावशीच्या पाया पडून रडली. मावशीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, ओळखपत्र जमा केलं आणि ती घरी आली. त्या रात्री तिला धाकटीचा हेवा वाटला आणि हेवा वाटला म्हणून स्वतःची लाज वाटली.

थोड्याच दिवसांनी सकाळी सरांचा फोन आला.

"मावशी, धाकटीची आज सुटी आहे. हक्काची आहे, तुम्हाला माहीतच आहे. बदली माणूस अजून कुणी दिलेला नाही. काल दुसऱ्या कामात तिच्याकडून द्रव बदलायचा राहिला. आता पिवळा पडलाय. तासभर येऊन जाता का?"

"तुम्हीच घाला की सर."

"माझा हात बसलेला नाही. आत जंतू गेले तर सगळंच नासेल."

"शाळेतल्या बाईंच्या बाटल्या?"

"त्याही. दारावर मी सांगून ठेवतो, कुणी अडवणार नाही."

 मावशी शांतपणे म्हणाली, "सर, मी नोकरीत नाही. मी हात लावला तर सगळं काम संशयात येईल."

 तिनं फोन ठेवला.

लेक दारात उभी राहून ऐकत होती. लहानपणापासून आईच्या या पेशींवर तिचा दात होता. पण आईचा चेहरा बघून तीच म्हणाली, "आई, जा बाई. नाहीतर दिवसभर झुरत बसशील."

"बसेन," मावशी म्हणाली.

आणि ती बसली. चहा पुढ्यात निवत गेला. आता द्रव लिंबाच्या रंगाचा झाला असेल, आता पेशी तळ सोडत असतील, आता गोल होऊन वर तरंगत असतील, हे तिला घरबसल्या दिसत होतं. ती दोनदा चपलांपर्यंत गेली आणि दोनदा परत आली. दुपार टळली तेव्हा शाळेतल्या बाई दुसऱ्यांदा मेल्या, आणि या वेळी ते आपल्या हातून झालं, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं.

इतक्या वर्षांत तिच्या कामात खंड पडला तो त्या दिवशी. त्याआधी कधी पडला नव्हता.