ब्रेकबाईंचा पाय

गाडी शिकवण्यात बाईंचा अर्धा जन्म गेला होता, आणि शिकाऊ मंडळींनी त्यांचं नाव ब्रेकबाई ठेवलं ते काही उगीच नाही. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचं जरा चुकलं की यांचा पाय पडलाच म्हणून समजा.

आज गाडी चालवत होती त्यांची लेक ठकू, नुकती अठराची झालेली, कॉलेजातली. आणि आज बाईंना तिला सांगायचंच होतं. छातीच्या कॅन्सरमधून त्या स्वतः सुटल्या होत्या, पण तपासणीत कळलं की दोष रक्तातलाच, ठकूच्या आजीकडून आलेला. दवाखान्यातली समुपदेशक म्हणाली होती, "समोरासमोर जमत नसेल तर शेजारी बसून सांगा. पण तिला ते तुमच्याच तोंडून कळू दे." तिच्यापुढे वाक्यंही घोकून झाली होती. वेळ मात्र फार नव्हता. उद्या ठकूची मावशी यायची होती, तिला सगळं ठाऊक होतं, आणि मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"ठकू, आजीला जे झालं होतं ना..." बाई म्हणाल्या आणि गाडी कचकन थांबली. मागच्याने हॉर्न ठोकला.

"आई, माझं काय चुकलं?"

"काही नाही गं. चल पुढे."

पुढच्या वळणावर "आजीला आणि मला..." आणि पुन्हा कचकन. इंजिनच बंद पडलं.

ठकूने गाडी पुन्हा सुरू करून कडेला घेतली. "बोलतेस तू आणि थांबायचं मी, असं कसं चालेल? आधी पाय वर घे."

बाईंनी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली. मग बोलल्या, अडखळत, डोळे पुसत, पण सगळं. दोष तुझ्यातही असेल किंवा नसेल, निम्मी निम्मी शक्यता. असला तरी रोग होतोच असं नाही, आणि वेळेत लक्ष ठेवलं तर उपाय असतात. तपासायचं की नाही, कधी, ते तू ठरव.

"माझ्याकडून तुला हेच मिळायचं होतं का गं," त्या शेवटी म्हणाल्या. हे काही घोकलेलं नव्हतं.

ठकूही रडली. मग म्हणाली, "हे नकटं नाकही तुझंच आलंय. त्याबद्दल कधी वाईट वाटलं तुला?"

बाईंना रडता रडता हसू फुटलं.

"भीती वाटतेय, आई."

"मलाही."

"तपासायला बरोबर येशील?"

"येईन की. अशीच शेजारी बसेन."

ठकूने आरशात पाहिलं, गाडी रस्त्यावर घेतली. चौकात दिवा लाल झाला. बाईंचे तळपाय शिवशिवले, पण त्यांनी मांडी मोडली नाही. ठकूने ब्रेक दाबला, आणि गाडी रेषेच्या अलीकडे अलगद थांबली.