उत्तरेच्या खिडकीजवळचं चित्र

तोर्केलनं चौकटीच्या माथ्यावर पाणसळ टेकवली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत डावी बाजू केसभर खाली दाबली आणि दोन पावलं मागे सरला. सकाळपासूनची ही चौथी वेळ. चित्र शुक्रवारपासून सरळच होतं.

"भिंतसुद्धा कंटाळली आता तुला," मागून एवर्ट म्हणाला. "सोड की त्याला."

"फेरीबोट धक्क्याला लागली की भिंत हादरते. तिरकं होतं."

"बाकीची नाही होत ती? एवढंच बरं नाजूक?"

तोर्केलनं पाणसळ खिशात घातली आणि शेजारच्या खेकड्याच्या चित्राची चौकटही उगाच चाचपली. एवर्टनं चाळीस वर्षं फेरीबोट चालवली होती आणि त्याच्या जिभेला कधीच हाड नव्हतं. शाळेपासूनची दोस्ती असल्यामुळे तोर्केलला त्याला उत्तर न देण्याची चांगली सवय होती.

हे कलाघर म्हणजे पूर्वीची हेरिंग मासे खारवायची वखार. तो धंदा बंद पडला तेव्हा बेटावरच्या लोकांनी मिळून ती घासूनपुसून घेतली, संस्था काढली आणि चाकांवर मातीची भांडी फिरायला लागली. इथे मालक कोणी नाही, पगारी माणूसही नाही. ज्याला केक जमतो तो केक करतो, ज्याला विजेचं कळतं तो तारा ओढतो. तोर्केल होड्या बांधणारा सुतार. गेली अठ्ठावीस वर्षं भिंतीवर चित्रं टांगायचं काम त्याच्याकडे होतं. ओल्या दिवसांत मासळीचा वास अजूनही फळ्यांतून वर येतो, पण त्याबद्दल बोलायचं नसतं.

ऑगस्टच्या शेवटी, उन्हाळी पाहुणे गेले की तीन दिवसांचा कलामेळा भरतो आणि रविवारी दुपारी सोडत निघते. वर्षभरात संस्थेनं विकत घेतलेल्या चौदा कलाकृती मोठ्या दालनात मांडलेल्या असतात. सभासदांचे नंबर एका तांब्याच्या किटलीतून काढले जातात. ज्याचा नंबर आधी, त्याची निवड आधी. त्यानं उठायचं, आपल्याला हवी ती वस्तू स्वतःच्या हातानं उतरवायची आणि खुर्चीवर परत येऊन बसायचं. आपल्याला काय हवंय ते आधी कुणाला सांगायचं मात्र नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून तर सगळे तो कसोशीनं पाळत. पसंती बोलून दाखवणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास मागण्यासारखं.

तोर्केलला काय हवं होतं ते त्यानं अठ्ठावीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला हिलेवीचं चित्र हवं होतं. दरवर्षी संस्था तिचं एक घेई, दरवर्षी ते पहिल्या दोन-तीन नंबरांतच जाई आणि दरवर्षी तोर्केल खिळा उपटून भिंतीतलं भोक बुजवी. एवर्टच्या घरी जेवायला गेलं की तिनं रंगवलेली खाडी समोरच्या भिंतीवर असे. तोर्केल मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बसे.

विकत घेता आलं नसतं असं नाही. हिलेवीच्या चित्रशाळेचं दार शनिवारी सगळ्यांना उघडं असे. पण विकत घ्यायचं म्हणजे तिच्यासमोर उभं राहून 'मला हे हवं' म्हणायचं, आणि ते शब्द आपल्या तोंडून चित्रापुरतेच निघतील याची त्याला खात्री नव्हती. तिचा नवरा स्तेन त्याचा गोदीतला भागीदार होता. स्तेन होता तोवर बोलण्याचा प्रश्नच नव्हता. तो गेल्यावर लगेच बोलणं शोभलं नसतं. मग एकेक करत अकरा वर्षं गेली, आणि आता सत्तरी ओलांडलेल्या माणसानं असं काही बोलणं म्हणजे हसं करून घेणं. सोडतीचं मात्र बरं होतं. नशिबानं दिलेल्या वस्तूचा खुलासा द्यावा लागत नाही.

यंदाचं चित्र शेवटचं होतं. हिलेवीचे डोळे जात चालले होते. तिनं वसंतातच कुंचले धुऊन ठेवले. तिनं ते फक्त बार्ब्रूला सांगितलं होतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या बेटाला कळलं होतं.

दोन वाजता बार्ब्रूनं टाळ्या वाजवल्या. बार्ब्रू संस्थेची अध्यक्ष, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. अजूनही तिला सगळं बेट चौथीचा वर्ग वाटतो.

"बसा. कप खाली ठेवा. एवर्ट, तोंडात बन असताना हसायचं नाही."

पहिला नंबर एवर्टच्या बायकोचा निघाला. तिनं काचेचं हिरवं भांडं घेतलं. दुसरा औषधांच्या दुकानवाल्याचा. त्यानं भिंतीवरचं विणकाम खांद्यावर टाकून नेलं.

"एकशे चार," बार्ब्रू म्हणाली. मग चष्म्यावरून बघत, "तोर्केल!"

त्याला उठायला वेळ लागला. एवर्टनं बरगडीत कोपर मारलं तेव्हा तो उठला. उत्तरेच्या खिडकीपर्यंत चौदा-पंधरा पावलं होती. चित्र तिथंच होतं, जिथं त्यानं सगळ्यांत चांगल्या उजेडात टांगलं होतं: मार्चमधली खाडी, बर्फ फुटायला लागलेला, भेगांतून वर आलेलं काळं पाणी. त्यानं हात वर केला. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की दालनात चमचासुद्धा वाजत नाहीये. कप नाहीत, खोकला नाही. शंभरेक माणसं त्याच्या पाठीकडे बघत होती, आणि पहिल्या रांगेत, हातभर अंतरावर, हिलेवी बसली होती.

त्याचा हात एक वीत डावीकडे सरकला आणि त्यानं खेकडा उतरवला.

"खेकडा?" तो खुर्चीवर बसल्यावर एवर्ट हळूच म्हणाला.

"छान आहे. तांब्याच्या पत्र्यावरनं छापलंय."

"साठ वर्षांत मला कळलं नाही, तुझं खेकड्यांवर एवढं प्रेम आहे ते."

तोर्केलनं खेकडा मांडीवर पालथा ठेवला. स्वतःची इतकी चीड त्याला कधीच आली नव्हती. आता चौथा नंबर निघेल, कुणीतरी खाडी उचलेल आणि संपेल, असं म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले.

चौथ्यानं लाकडी वल्हं घेतलं. पाचवी पोस्टातली बाई. शुक्रवारी ती खाडीसमोर इतका वेळ उभी होती की तोर्केलला तिला वळसा घालून शिडी न्यावी लागली होती. ती थेट खिडकीपर्यंत गेली, थांबली, मान वळवून तोर्केलकडे बघितलं आणि लोकरीची उशी घेऊन परत आली. सहाव्यानं दिवा घेतला. सातव्यानंही जाता जाता तोर्केलकडे बघितलं.

"हे काय चाललंय?" तोर्केलनं विचारलं.

"काय म्हणजे? तिचं शेवटचं आहे, तुझ्याआधी कोण घेणार? कॉफीनंतर अदलाबदल करता येते. शेवटी कुणाच्या तरी हाती येईल, तो तुला देईल. खेकडा त्याला दे. तू गप बस."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"काय माहीत आहे?"

"एवर्ट."

एवर्टनं मिशी पुसली. "धक्क्यावरच्या पक्ष्यांना कदाचित नसेल. त्यांचं मी सांगू शकत नाही."

"आणि तिला?"

एवर्टनं आवाज आणखी खाली आणला. "तिला नसावं," तो म्हणाला. "आमचं आपलं असं धरून चाललंय."

तोर्केलनं पहिल्या रांगेकडे बघितलं. हिलेवी ताठ बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. सुरुवातीला प्रत्येक जण परत येताना ती त्याच्याकडे वळून हसत होती. आठव्याला ती हसली. नवव्याला फक्त मान हलवली. दहाव्या वेळी ती वळलीच नाही. चर्चच्या पाळकांनी अकराव्या नंबरला कुणाच्यातरी नातवानं रंगवलेलं स्टूल उचललं तेव्हा तिनं आपल्या जॅकेटची बटणं लावायला घेतली, खालून वर, एकेक चाचपडत.

बेटावरची माणसं मनानं चांगली होती. ठरवूनही त्यांना इतकं वाईट काही करता आलं नसतं. आयुष्यभर चित्रं काढलेल्या बाईचं शेवटचं चित्र भिंतीवर लटकत होतं आणि एकामागून एक सगळे तिच्यासमोरून ते डावलून जात होते. हे सगळं तोर्केलवरच्या मायेपोटी चाललं होतं, आणि ती माया फक्त तिलाच ठाऊक नव्हती.

बारावा. तेरावा. तेराव्याच्या वाट्याला खाडी आणि मातीचं साळिंदर एवढंच उरलं होतं. साळिंदराला एक डोळा कमी होता. तेरावा माणूस क्षणभर घुटमळला आणि साळिंदर काखोटीला मारून निघाला. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

हिलेवी उठून उभी राहिली. एका हातानं तिनं खुर्चीची पाठ धरली आणि दाराच्या दिशेनं पाऊल टाकलं.

"हिलेवी, थांब."

आपण उभे आहोत हे लक्षात आल्यावरच तोर्केलला कळलं की बोललो ते आपणच. खेकडा पायाशी पडला.

"ते चित्र कोणाला नकोय असं नाही," तो म्हणाला. आता थांबणं शक्य नव्हतं. "ते मला हवं होतं. या सगळ्यांना ते माहीत आहे म्हणे. म्हणून कुणी हात लावत नाहीये. माझ्यासाठी ठेवतायत. आणि मी... माझा नंबर आला तेव्हा माझी छाती झाली नाही."

पोस्टातल्या बाईनं उशी तोंडाशी धरली होती. हिलेवी पाठमोरीच उभी होती.

"फक्त चित्रच नाही," तोर्केल म्हणाला, आणि खाली बसला.

अशा वेळी काय करायचं ते कुठल्याच नियमात नव्हतं, म्हणून बार्ब्रूनं जे नियमात होतं ते केलं. किटलीत हात घातला.

"एकसष्ट."

मग शेवटच्या रांगेतून तिंद्रा उठली. बालवाडीवर नव्यानं लागलेली तरुण शिक्षिका, बेटावर तिचा हा पहिलाच मेळा. ती भिंतीपाशी गेली आणि तिथं अवघडून उभी राहिली.

"म्हणजे आता... मी हे घ्यायचं आणि त्यांना द्यायचं का? मला नक्की माहीत नाही इथली पद्धत."

"तुला आवडलंय का ते?" हिलेवीनं विचारलं.

"मला?" तिंद्रा लाल झाली. "मी तीन दिवस रोज येऊन बघतेय. मला वाटलं होतं पहिल्यांदा हेच जाईल."

"मग घे."

तिंद्रानं तोर्केलकडे बघितलं.

"त्याच्याकडे काय बघतेस?" हिलेवी म्हणाली. "त्याचा नंबर लागून गेला."

तोर्केलनं मान डोलावली.

"घे गं," तो म्हणाला. "फक्त दक्षिणेच्या खिडकीसमोर लावू नकोस. उन्हानं रंग उडतात."

तिंद्रानं चित्र उतरवलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी एकच, मग सगळ्यांच्या, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात. भिंतीवर खिळा राहिला. तोर्केलला वाटलं, भोक बुजवायला आपण काही आज उठत नाही.

कॉफीच्या टेबलाशी गर्दी झाली. एवर्ट दोन कप घेऊन आला, ते टेकवले आणि प्रथमच काहीही न बोलता निघून गेला. तोर्केल समोर बघत बसला. ते चित्र आता दुसऱ्याच कुणाच्या भिंतीवर राहणार होतं, आणि हिलेवी दुसरं काढणार नव्हती. इतकं साधं होतं ते.

शेजारची खुर्ची सरकली. हिलेवी बसली.

"शनिवारी दार उघडं असायचं माझं," ती म्हणाली. "दर शनिवारी. सगळं बेट येऊन गेलं. तो जिभेला हाड नसलेला एवर्टसुद्धा."

"मी येणार होतो."

"कधी?"

खूप उत्तरं होती, पण त्यातलं एकही तिला ऐकवण्यासारखं नव्हतं.

"मला वाटायचं, तुला माझं काम आवडत नाही," ती म्हणाली. "एवढी काळजीनं चित्रं टांगतो आणि एक घेत नाही. घरी एकटीनं बसून मी कितीतरी वेळा स्वतःला विचारलंय, काय चुकत असेल त्यात. तुझ्यासाठी म्हणून दोनदा सगळे रंग बदलले मी."

"हिलेवी."

"आता बोलू नकोस. आज पुष्कळ बोललास."

ती त्याच्याकडे वळली, थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिनं तोंड फिरवलं, खिडकीकडे, धक्क्याकडे. तोर्केलला वाटलं, झालं. यापेक्षा जास्त आपल्या वाट्याला येणार नव्हतंच. त्यानं खेकडा उचलण्यासाठी खाली वाकायला सुरुवात केली.

"हलू नकोस," ती खिडकीकडेच बघत म्हणाली. "नजरेतलं मधलं सगळं गेलंय माझं, कडाच तेवढ्या राहिल्यात. सरळ बघितलं की तू दिसत नाहीस. असं बाजूला बघितलं की दिसतोस."

तो अर्धवट वाकलेला तसाच थांबला. मग सावकाश सरळ बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि चेहरा तिच्याकडे धरून ठेवला. कप निवले, लोक खुर्च्या आवरायला लागले, बार्ब्रू कुणालातरी खुर्च्या ओढू नका, उचला म्हणून ओरडली. तोर्केल हलला नाही.